बायको तेवढी ऐकू येत नाही

नवऱ्याच्या कानातून सगळ्यात आधी बायको जाते. हे मी वैतागून म्हणत नाही, हे शास्त्र आहे. मोठ्या आवाजांचा मार खाल्लेल्या कानातून पहिल्यांदा बारीक, उंच पट्टीचे आवाज पुसले जातात. म्हणजे चिमण्या जातात, मोबाइलची रिंग जाते, नातवंडं जातात आणि बायको जाते. ट्रक, ढोलताशे आणि जुने दोस्त मात्र शेवटपर्यंत टिकून राहतात. ‘यांना मित्रांचं बरं ऐकू येतं, माझंच येत नाही’ हे वाक्य मी देवळाली कॅम्पातल्या माझ्या दुकानात उभा जन्म ऐकलं. प्रत्येक वेळी मी त्या बाईंना कागदावर आलेख काढून समजावून सांगायची. पटला एकीलाही नाही.

माझं दुकान श्रवणयंत्रांचं. मी आता ते भाचीच्या हवाली केलंय आणि दुपारी फक्त गप्पा मारायला जाते. कॅम्पात हा धंदा चालला, कारण आमच्याकडे तोफखाना शिकवला जातो. सराव असला की घराच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. मुंबईहून आलेला पाहुणा चहा सांडतो. माझं गिऱ्हाईक मात्र जागचं हलत नाही, आणि म्हणूनच ते माझं गिऱ्हाईक असतं. आयुष्यभर तोफेच्या बाजूला उभं राहून ही माणसं निवृत्त होतात आणि भगूर, विहितगाव, नाशिकरोडच्या अंगाला घर बांधून राहतात. घर बांधून झालं, मुलांची लग्नं झाली, की मग बायको त्यांना दंडाला धरून माझ्याकडे आणते.

तपासणीची रीत सोपी आहे. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बाहेरून बारीक-मोठे सूर सोडायचे. सूर ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं. शाळेतल्या पोरालाही जमेल असं काम. पण फौजी माणूस परीक्षेत नापास व्हायला तयार नसतो. एक हवालदार सूर ऐकू आला की ताडकन उभे राहून ‘यस सर!’ म्हणायचे आणि हेडफोनची वायर तुटेपर्यंत ताणायचे. ते एक वेळ परवडलं. पण मध्येच ते तितक्याच जोरात ‘नो सर! नहीं सुनाई दिया!’ असंही ओरडायचे, आणि नेमकं मी सूर सोडला तेव्हाच. ऐकू आलं नाही हे यांना कळतं कसं, या विचारानं मी चक्रावले. शेवटी लक्षात आलं की ते काचेतून माझा हात बघत होते.

दुसरे एक आजोबा. त्यांनी वर्षभर माझ्या मशीनचं सगळीकडे कौतुक केलं. ‘पहिल्यापेक्षा जमीन-अस्मानाचा फरक आहे,’ म्हणायचे. चार गिऱ्हाइकं पाठवली त्यांनी मला. मग एकदा मशीन साफ करायला आणलं. या मशीनच्या बॅटरीवर एक इवलासा कागद चिकटवलेला असतो. तो सोलून काढला, हवा लागली, की बॅटरी सुरू होते. आजोबांच्या बॅटरीवरचा कागद तसाच होता. मी तो काढला, मशीन कानाला लावून दिलं, तर आजोबा घाबरून म्हणाले, ‘हे काय केलंत, आता खूप आवाज येतोय. पहिल्यासारखं करून द्या.’ दिलं. गिऱ्हाईक हा देव असतो.

पण मला सांगायचंय ते सुभेदार पगाऱ्यांबद्दल. दौलत पगारे. मूळचे देवळ्याकडच्या एका खेड्यातले, तोफखान्यात भरती झाले, सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि भगूरच्या रस्त्याला घर बांधून राहिले. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा. माझ्याकडे आले तेव्हाच सत्तरीच्या पुढे होते आणि एकटे आले होते. मला तिथेच संशय यायला हवा होता. स्वतःच्या पायांनी कान दाखवायला आलेला नवरा मी तोवर पाहिला नव्हता.

बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि रस्त्यापलीकडच्या किराणावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मॅडम, मला सगळं नको. एकच माणूस ऐकायचाय.”

“कोण?”

“मिसेस.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. निवृत्त होऊन घरी आले तेव्हाच कान गेलेले होते. त्यांची बायको गयाबाई रोज दुपारी जेवणं झाली, की त्यांच्या खुर्चीसमोर बसायच्या आणि बोलायच्या. चांगलं तासभर बोलायच्या. सुभेदारांना तोंड हललेलं दिसायचं, शब्द एक कळायचा नाही. ते समोर बसून मान हलवायचे. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

“मान हलवायची, हीच माझी ड्यूटी,” ते म्हणाले. “पण मॅडम, आता झोप लागत नाय. मी नोकरीत व्हतो तवा तिनं माझ्याकडं कधी काय मागितलं नाय. माझे आईबाप, पोरं, दोन म्हशी, सगळं एकटीनं ओढलं. आता जर ती काय मागत आसंल तर? आन मी नुसती मान हलवतोय! म्हणजे हो म्हणतोय आन देत नाय. केवढा हलकट माणूस झालो मी!”

“मग त्यांनाच विचारा ना सरळ,” मी त्यांच्या कानाशी ओरडून म्हटलं.

“कसं इचारू? इतकी वर्षं हलवली ती मान खोटी व्हती, आसं सांगू? तिला वाटतं, बाकीच्यांचं ऐकू येत नसंल, पण तिचं मला कळतं.”

बायको काय मागते हे मरायच्या आधी कळावं, एवढ्यासाठी तो माणूस माझ्या दुकानात आला होता. कान गेल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. कान गेले तरी घर चालवण्याची त्यांनी एक पद्धत बसवली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. ओट्यावरच्या त्यांच्या खुर्चीच्या पायापासून स्वयंपाकघरापर्यंत एक सुताची दोरी नेलेली होती. त्या टोकाला एक झटका दिला की चहा, दोन झटके दिले की जेवण, तीन म्हणजे पाहुणे आलेत, शर्ट घाला. आणि लागोपाठ झटके म्हणजे आग. ही व्यवस्था सून, मुलगा, नात सगळ्यांकडून पाठ करून घेतलेली होती. एका सकाळी शेजारच्या मांजरीचा पाय त्या दोरीत अडकला. लागोपाठ झटके बसायला लागले. सुभेदार उठले, स्वयंपाकघरात घुसले, भाकरी थापत बसलेल्या गयाबाईंना उचलून रस्त्यावर नेऊन ठेवलं, परत आत जाऊन गॅसचा सिलिंडर आणला, तिसऱ्या खेपेला सुनेला बोलवायला गेले तर ती मोरीत. त्यांनी मोरीचं दार बाहेरून उखडायला घेतलं. सगळी गल्ली जमली. गयाबाई पिठाच्या हातांनी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्यांना सतत काहीतरी सांगत होत्या, आणि ते येता-जाता मान हलवत होते.

“ड्रिल म्हणून उत्तम झालं,” मला सांगताना ते म्हणाले. “आधी मिसेस, मग सिलिंडर. क्रम चुकला नाय.”

कुटुंबवत्सल हा शब्द मी निधनाच्या जाहिरातींमध्ये फार वाचलाय. पगाऱ्यांकडे तो चालता-बोलता होता. सून सुनंदा शाळेत शिक्षिका. तिला ते स्कूटरवरून शाळेत सोडायचे आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहायचे, कारण सोडून आलेली माणसं परत आणेपर्यंत जबाबदारी संपत नाही. तिनं रजा घेतली तरी तिला शाळेपर्यंत जाऊन यावं लागायचं, नाहीतर ते एकटेच जाऊन उभे राहायचे. नातीच्या वेण्या तेच घालायचे. भांग इतका सरळ, की पोरीला शाळेत बाई फळ्यावर रेघ मारायला पट्टी म्हणून उभी करत, असं सुनंदा म्हणायची.

मी कान तपासले. आलेख पाहिला, तर चांगली सपाट चाललेली रेघ एका जागी दरीत पडावी तशी खाली गेलेली. नेमकी जिथे बायकांचा आवाज असतो तिथे. कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला, मशीन मागवलं, बसवलं, सुरू केलं. सुभेदार दचकून खुर्चीत मागे वळले.

“कोण आलं?”

“कोणी नाही. पंखा आहे.”

“आन हे खसखस?”

“तुमचा शर्ट.”

शर्टाला आवाज असतो हे ते विसरून गेले होते. दोन्ही बाह्या एकमेकींवर घासून पुन:पुन्हा ऐकत बसले. मग उभे राहिले, मला कडक सलाम ठोकला आणि घरी गेले. अशा वेळी या धंद्याचं सोनं होतं. त्या दिवशी मी घरी नवऱ्याला म्हटलं, “सतीश, आज एका माणसाला त्याची बायको परत दिली.”

चार-पाच दिवसांत ते परत हजर. मशीन काढून टेबलावर ठेवलं.

“मॅडम, माल खराब हाय.”

“काय होतंय?”

“सगळं ऐकू येतं. कुकर, कुत्रं, शेजारच्याचा टीव्ही, माझे गुडघे. मिसेस तेवढी येत नाय. तेवढं स्टेशन लावून द्या.”

मी मशीन संगणकाला जोडलं, उंच पट्टी वाढवली. परत आले. म्हणाले, आता वाटीत चमचा पडला तरी तोफ डागल्यासारखी वाटते, पण मिसेस नाहीच. पुन्हा कमी-जास्त केलं. पुन्हा आले. मी तोवर कंपनीच्या माणसाशी भांडण उकरून काढलं होतं. मग मी त्यांना नीट विचारलं, की नक्की काय घडतं ते क्रमानं सांगा.

“मी बसतो. ती चहा आणते. म्हणते, ‘अहो, चहा.’ ते ऐकू येतं. मग समोर बसते. आन बास. पुढं तोंड हलतच नाय.”

“सुभेदारसाहेब, तोंड हलत नसेल तर मशीनचा काय दोष?”

त्यांनी पुढे वाकून, त्यांच्या मते कुजबुजत, विचारलं, “आपण मशिन लावलं की समोरच्याचं तोंड बंद पडतं, आसा काय साइड इफेक्ट आसतो का?”

माझ्या सगळ्या धंद्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, घरी येऊन बघते.

रविवारी लॅपटॉप घेऊन गेले. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, वर लापशी. गयाबाई ठेंगण्या, गोल, चेहऱ्यावर सतत काहीतरी ओठांशी आलेलं असल्याचा भाव. मनमाडच्या, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी. स्वयंपाकघरात मी त्यांच्याजवळ गेले, तर त्यांनी आजूबाजूच्या चारही घरांचा हालहवाल मला एका दमात सांगितला. म्हणजे बोलण्यात काही अडचण नव्हती. मग सुभेदार मशीन लावून आत आले आणि गयाबाईंचं तोंड पाणी बंद केलेल्या नळासारखं बंद झालं.

जेवणं झाली. मी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, “काकू, मशीन जुळवायला ओळखीचा आवाज लागतो. तुम्ही यांच्याशी रोजच्यासारखं बोला. काहीही बोला.”

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, त्यांच्या कानामागच्या मशीनकडे पाहिलं. चक्क लाजल्या. सून हसू दाबायला पदर तोंडाला लावून आत पळाली. शेवटी गयाबाई खाली मान घालून म्हणाल्या, “अहो, पाऊस नाही यंदा.”

बाहेर धो धो पाऊस पडत होता.

“ऐकू आलं!” सुभेदार ओरडले. “पाऊस नाय म्हणाली!” आणि मोठ्या आशेनं ते पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. पुढचं वाक्य आलं नाही. गयाबाई उठून भांडी घासायला गेल्या.

निघताना सुनंदा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, “ताई, मशीन अगदी चांगलं आहे. पण बाबांना म्हणावं, घरात नका घालू. घर कसं सुनं सुनं झालंय.”

“पण आई बोलत का नाहीत?”

“ते मी कसं सांगू? आईंनाच विचारा,” असं म्हणून ती पुन्हा हसायला लागली.

“निदान एवढं सांग, त्या यांच्याकडे काही मागतात का?”

“छे हो. आई कुठे काय मागणार?”

हे मी सुभेदारांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. सून म्हणजे दुय्यम साक्षीदार, असं त्यांचं मत पडलं. आणि गयाबाईंना विचारायचं नाही असं त्यांनी मला बजावलं, कारण मग मान खोटी होती हे उघडं पडलं असतं. मग मी त्यांना दुसरा मार्ग सुचवला. कानाच्या पार आत बसणारं, बाहेरून अजिबात न दिसणारं छोटं मशीन असतं. ते घालायचं, कुणाला सांगायचं नाही, बायको बोलायला लागली की गुपचूप ऐकायचं.

सुभेदार माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी शत्रूला नकाशा विकायला सांगितलाय.

“मॅडम, बायकोवर हेरगिरी? आमी तोफखान्यातले. आमी लपून काय करत नाय. आमचं काम दहा मैलांवरनं ऐकू येतं.”

त्या दिवशी त्यांनी मशीन खिशात घातलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करते तोच स्कूटर येऊन थांबली. सुभेदारांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

“चालू झाली!”

“कोण?”

“मिसेस! काल मशिन काढून ठेवलं, जेवणं झाली, समोर बसली आन चालू झाली. चार वाजेपर्यंत थांबली नाय. किती दिवसांचं साठलं व्हतं!”

“अरे वा! काय म्हणत होत्या?”

“ते कसं कळणार?” सुभेदार म्हणाले. “मशिन काढलं व्हतं ना!”

आणि आम्ही दोघं हसत सुटलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी टोपीनं पुसलं. मी माझ्या कामात असंख्य कान दुरुस्त केले; पण त्या माणसाला हवं होतं ते एक मला देता आलं नाही, याची चुटपुट मला आजही आहे.

पुढे त्यांनी एक शिस्त लावून घेतली. बाहेर जाताना मशीन कानाला. बाजारात, बँकेत, लग्नात, माजी सैनिकांच्या बैठकीत ते सगळं ऐकायचे. घराचं फाटक आलं की थांबायचे, मशीन काढायचे, रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचे आणि मग कडी उघडायचे. मंदिराबाहेर लोक चपला काढतात ना, तसे ते कान काढायचे. मग आत जाऊन खुर्चीत बसायचे आणि बायको बोलायला लागायची. तिच्या तोंडाकडे बघत ते मान हलवायचे. बॅटरी घ्यायला आले की दारातूनच मला खबर द्यायचे, “चालू हाय!”

आणि जाताना दर वेळी एकच विचारायचे, “काय मागत आसंल हो, मॅडम?”

सुभेदार गेल्या थंडीत गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते. गयाबाई समोर बसून बोलत होत्या. बऱ्याच वेळानं मान हलायची थांबलीय हे त्यांच्या लक्षात आलं. सुनंदानं फोनवर एवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले. घरासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव, पांढरी चादर घातलेल्या टेबलावर बुद्धमूर्ती, शेजारी सुभेदारांचा गणवेशातला फोटो. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, वंदना झाली आणि मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. समोर पहिल्या तीन रांगांत सगळे निवृत्त तोफखानावाले, म्हणजे निम्मं माझंच गिऱ्हाईक. आता मशीन लावलेला कान आणि कर्णा यांचं जमत नाही. माइक सुरू झाला आणि कुणाच्या ना कुणाच्या कानातून शिटी वाजायला लागली. मी पाठीमागून वाकून एकेकाचं मशीन बसवत फिरत होते. पहिल्या वक्त्याला वेळ संपल्याची घंटा ऐकू आली नाही. दुसऱ्यालाही नाही. सूत्रसंचालक त्यांचा सदरा ओढायचा, तर ते हार घालायला आलाय असं समजून मान पुढे करायचे. तिसरे वक्ते कॅप्टन होते. ते अत्यंत तळमळीनं बोलले, पण पंधरा मिनिटांनी कळलं, की ते दुसऱ्याच कुठल्या तरी सुभेदाराबद्दल बोलतायत, आणि तो सुभेदार पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. बाकी सगळ्यांचं म्हणणं एक. सुभेदार पगारे म्हणजे कडक शिस्त, वाघाचं काळीज, भीती म्हणून माहीत नाही.

शेवटी सूत्रसंचालकानं रीत म्हणून विचारलं, “मातोश्रींना दोन शब्द बोलायचे असतील तर...”

कुणाला वाटलं नव्हतं, पण गयाबाई उठल्या. पांढरी साडी, चालताना गुडघ्यावर हात. माइककडे गेल्याच नाहीत. फोटोसमोर सतरंजीवर मांडी घालून बसल्या, आमच्याकडे पाठ करून. सूत्रसंचालकानं धावत जाऊन माइक त्यांच्यासमोर धरला. त्यांना तो दिसलाही नसावा.

“अरे दौलत,” त्या म्हणाल्या.

भावकीतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. नवऱ्याचं नाव! आणि तेही अरे म्हणून, भर सभेत, कर्ण्यावरून.

“अरे दौलत, बघ किती माणसं आली. तुझा तो मेहुणा बी आला, ज्याच्याशी तू बोलत नव्हता. मी म्हटलं, आलाय तर जेवून जाऊ दे. भाजीत मीठ कमी हाय, मी सांगून ठेवलंय. सुनंदा तुझी स्कूटर शिकतीय. परवा गटारीत घातली. तू चिडू नको, लागलं नाय तिला, नुसता आरसा फुटला. आन हे सगळे तुला वाघ म्हणतात रे! झुरळ दिसलं की खुर्चीवर कोण चढायचं?”

पहिल्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. सुभेदारांचे धाकटे चुलतभाऊ खाकरले. “वहिनी, सभा हाय,” म्हणाले.

गयाबाईंनी वळूनही पाहिलं नाही. “हे बघ, रागावतात मला. नाव घेते म्हणून. पण मी तुला इचारूनच घेतलंय ना? रोज बोलायला बसले की आधी इचारायचे, दौलत म्हणू का रे तुला? आन रोज तू मान हलवायचा. एक दिस नाय म्हणाला नाय. मग कुठं पुढचं बोलायचे मी. आन मग तू ते मशिन घेऊन आला. आता ऐकू येणार म्हटल्यावर कोणत्या तोंडानं इचारू? अहो म्हणायला लागले, तर पुढं काय सुचंनाच. अहोला चहा झाला म्हणून सांगता येतं, जेवायला बसा म्हणून सांगता येतं. स्कूटर गटारीत गेलेली अहोला नाय सांगता येत रे.”

माझ्या हातात कुणाचं तरी काढलेलं मशीन होतं, ते तसंच राहिलं. सतीशला मी कॉलेजपासून सतीश म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाला परवानगी लागत असेल, आणि ती कुणी रोज नव्यानं मागत असेल, हे माझ्या कुठल्याही आलेखात बसलेलं नव्हतं. मला रडू फुटलं. मी फुलं वाहायला म्हणून पुढे गेले आणि फोटोसमोर जे मनात म्हणायचं होतं ते तोंडातून निघालं. तोफखानावाल्यांशी बोलायची सवय, आवाज सगळ्या मांडवभर गेला.

“सुभेदारसाहेब, मागत होत्या! आणि तुम्ही रोज दिलंत!”

गयाबाई दचकून वर बघायला लागल्या. “काय मागत व्हते गं मी?”

मग मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि सगळं सांगितलं. मशीन कानासाठी घेतलंच नव्हतं. गयाबाई रोज दुपारी काय बोलतात, काही मागतात का, तेवढं कळावं म्हणून घेतलं होतं. हलवलेली मान खोटी होती हे कसं सांगायचं, म्हणून ते त्यांना कधी बोलले नाहीत. आणि मशीन लावलं की त्यांचं बोलणं थांबतं, म्हणून फाटकाशी ते काढून ठेवायचे.

गयाबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला, काढला आणि फोटोकडे वळल्या.

“अरे दौलत, तोंड माझं बंद पडलं व्हतं. तुझं कुठं बंद व्हतं? तुला इचारायला काय झालं व्हतं?”

फोटोतले सुभेदार सरळ समोर बघत होते. गयाबाईंनी पदर नीट खोचला, मांडी बदलली आणि थोड्या पुढे सरकून बसल्या. सुनंदानं सूत्रसंचालकाच्या हातातून माइक काढून घेतला, बंद केला आणि पाहुण्यांना जेवायला चला म्हणाली. आम्ही मांडवाच्या पलीकडच्या टोकाला पंगतीत बसलो, भाजी वाढून झाली, भातही येऊन गेला, तरी गयाबाईंचं बोलणं चाललंच होतं.